तक्त्यात नसलेला विमानतळ

दोन विमानतळांमधलं अंतर किती, हा प्रश्न शहाण्या माणसाला आयुष्यात पडत नाही. तिकीट काढावं, खिडकी मिळाली तर बाहेर बघावं, नाही मिळाली तर शेजारच्याच्या कोपराशी भांडावं आणि उतरावं. मलाही पडला नसता. मला तो आमच्या पाणीपुरवठा खात्याने पाडला, आणि असा पाडला की पाच आठवडे मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरचे भूगोलमास्तर, खालचा पायलट आणि विमान कंपनीच्या काउंटरवरची एक निरपराध मुलगी, सगळे त्या अंतरात अडकून पडलो.

मी खात्याच्या कार्यशाळेत पाण्याची मीटरं दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. पितळी मीटर उघडायचं, आतली चक्री घासायची, झिजलेलं दातेरी चाक बदलायचं, चाचणीच्या टाकीला जोडून शंभर लिटर पाणी सोडायचं आणि काटा शंभरावर येतो का ते बघायचं. दोन लिटर इकडे-तिकडे झाले की परत उघडायचं. जमलं की तार ओवून शिशाचं सील मारायचं. माझ्या सीलवर अख्ख्या शहराला बिल जातं. खात्यातल्या पदवीधर साहेबांना मीटरचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे सांगता येत नाही, तरी सही त्यांचीच. असो. या विषयावर मी बोलायला लागलो की बायको उठून आत जाते.

तर, आमच्या मुलीला गणितात पदवी मिळाली. पदवीदान समारंभ गुरुवारी सकाळी दहा वाजता, ती शिकते त्या शहरात. तिकडे जाणारं विमान दिवसाला एकच. सकाळी दहा दहाला सुटतं, अकरा पंचावन्नला पोचतं. म्हणजे गुरुवारी निघालो तर मी पोचेपर्यंत लोक खुर्च्या गोळा करत असणार. बुधवारीच निघायला हवं. परतीचं विमान बारा चाळीसला, समारंभ आटोपून ते गाठता येत नाही, म्हणजे यायला शुक्रवार. झाले तीन दिवस. आणि नेमकी त्याच महिन्यात खात्याची मीटर-तपासणी मोहीम. सगळ्यांच्या सगळ्या रजा बंद. नियमाने हक्काची असेल तेवढीच रजा चालू.

नियम मला पाठ आहेत. पदवी नसलेल्या माणसाला नियम पाठ ठेवावेच लागतात. नियम सतरा: पाल्याच्या पदवीदानासाठी एक दिवस विशेष रजा. विमानतळ ते विमानतळ अंतर एक हजार किलोमीटर किंवा जास्त असेल, अथवा विमानप्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर जाण्याचा एक आणि येण्याचा एक दिवस वेगळा. मी संगणकावर अंतर काढलं. एक हजार सहा. सहा किलोमीटर वर. मी खूश झालो. कागद छापून घेतला, अर्जाला जोडला आणि आस्थापनाबाईंच्या टेबलावर ठेवला.

आस्थापनाबाई म्हणजे आमच्या खात्याच्या रजा, बढत्या आणि मरणोत्तर भानगडी सांभाळणाऱ्या बाई. आवाज कधी चढत नाही. चढला असता तर बरं झालं असतं, भांडायला सोपं गेलं असतं.

"मिस्त्री, हे कुठून आणलंत?"

"संगणकावरून."

"कुणाच्या सहीने?"

"बाई, संगणक सही करत नाही."

"मग दुसरा पुरावा लागेल. दोन तरी हवेत."

मी दुसऱ्या ठिकाणाहून काढलं. तिथे एक हजार तीन. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, भांडखोर जावांकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाल्या, "यांचंच एकमेकांशी पटत नाही. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

"दोन्ही हजाराच्या वर आहेत ना?"

"दोनपैकी एक चुकीचं आहे हे तर नक्की. आणि एक चुकीचं असेल तर दुसरंही असू शकतं."

 घरी जाताना तीन उत्तरं सुचली, तिन्ही झकास, पण तोवर कार्यालय बंद झालं होतं.

तिसऱ्यांदा मी विमान कंपनीचाच कागद नेला. त्यावर अंतर पाचशे त्रेचाळीस होतं. बाईंनी आकड्यावर बोट ठेवलं. "हे तर निम्म्यावर आलं, मिस्त्री."

"ते सागरी मैल आहेत. एक मैल म्हणजे एक किलोमीटर आठशे बावन्न मीटर. गुणा तुम्ही."

"सागरी? तुम्ही तर विमानाने जाणार म्हणालात."

मी गुणाकार करून दाखवला. बाई म्हणाल्या, गुणाकार अर्जदाराने करायचा नसतो.

ही बातमी इमारतीत पसरली. आमच्या इमारतीत पाणी वर चढत नाही, पण बातमी चढते. संध्याकाळी भूगोलमास्तरांनी मला वर बोलावलं. मास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण वर्ग सुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी कपाटावरून पृथ्वीचा गोल काढला, रुमालाने प्रेमाने पुसला आणि एक दोरा घेतला. एक टोक आमच्या शहरावर, दुसरं मुलीच्या. मग दोरा पट्टीवर धरला.

"साडेबाराशे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, दोरा सैल आहे."

ओढून धरला तर नऊशे भरले. मी गोलाचा व्यास विचारला, मनात हिशेब केला आणि सांगितलं की या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे बेचाळीस किलोमीटर. "तुमच्या दोऱ्याची जाडीच चाळीस किलोमीटर आहे, मास्तर."

मास्तरांना ते लागलं. पण मोजमापाच्या बाबतीत मला भीडभाड नाही. मी खाली आलो, पिशवीतून व्हर्नियर कॅलिपर काढला, ज्याने मी मीटरच्या चक्रीची झीज मोजतो, आणि वर नेला. त्याची टोकं दोन्ही शहरांवर अलगद टेकवली. अलगद म्हणजे माझ्या हिशेबाने अलगद. माझे हात पितळेला सरावलेले. गोल पुठ्ठ्याचा निघाला. कॅलिपर एका मध्यम आकाराच्या देशातून आरपार आत गेला.

मास्तरांनी भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा माझ्या निवृत्तीला मुलांनी दिला होता." त्या दिवसापासून जिन्यात समोर आले की मास्तर भिंतीकडे बघून उतरतात. बायको मला म्हणाली, "दोन दिवसांची रजा मागायला निघालात आणि पृथ्वीला भोक पाडून आलात."

खालचा पायलट हा पायलट नाही. तो अकरा वेळा विमानात बसलाय, एवढंच. पण आमच्या इमारतीत बाकी कुणी दोनदाच्या वर बसलेलं नाही, म्हणून मान त्याचा. तो म्हणाला, "अंतराचा नाद सोड. वेळ पकड. नियमात 'अथवा' आहे ना? मग दोन तासांच्या वर दाखव."

"तिकिटावर पावणेदोन तास आहेत."

"तिकिटावर काहीही असतं रे. दार बंद करून आत कोंडून ठेवतात ते कोण मोजणार? धावपट्टीवर रांग लागते ते? उतरल्यावर शिडी येत नाही ते? मी एकदा शिडीसाठी चाळीस मिनिटं उभा होतो. मान वाकडी करून."

हे मला पटलं. आस्थापनाबाईंनाही निम्मं पटलं, आणि त्यातच घोळ झाला. त्या म्हणाल्या, "ठरलेल्या वेळेपासून पोचेपर्यंतचा वेळ धरता येईल. म्हणजे त्या दिवशी विमानाला सोळा मिनिटं उशीर झाला तर तुम्ही बसता नियमात."

"पण उशीर झाला हे त्या दिवशीच कळणार. रजा आधी हवी."

"मग उशीर होणार असल्याचं कंपनीचं पत्र आणा."

मी गेलो. आज लाज वाटते, पण गेलो. विमान कंपनीच्या कार्यालयात काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या मुलीएवढीच, गळ्यात रुमाल, चेहऱ्यावर शिकवलेलं हसू. मी म्हटलं, "पोरी, मला एक पत्र दे. येत्या बुधवारी तुमचं विमान सोळा मिनिटं उशिरा पोचेल म्हणून."

तिचं हसू गेलं. "सर, आमची विमानं वेळेवर असतात."

हे वाक्य ऐकल्याबरोबर माझ्यामागची रांग हसली. एकजण तर तीन तास तिथे बसून होता, तो टाळ्या वाजवायला लागला. मुलगी लालबुंद झाली. मी म्हटलं, "तुझी चूक नाही, मला फक्त सोळा मिनिटं लिहून दे. वीस दिलीस तरी चालतील." तिने व्यवस्थापकाला बोलावलं. व्यवस्थापकाला वाटलं मी विमान अडवण्याची धमकी देतोय. मग सुरक्षारक्षक आला. मला खुर्चीवर बसवून माझं ओळखपत्र तपासलं गेलं, आणि त्यावर 'मीटर दुरुस्ती' वाचल्यावर रक्षकाने हळूच विचारलं, "साहेब, आमच्या घरचं मीटर नळ बंद असताना पण फिरतं. काय करावं?" मी त्याला उपाय सांगितला. त्या अख्ख्या दिवसात मला माणसासारखं वागवणारा तो एकटा.

घरी मेव्हणा येऊन बसला होता. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आयुष्यात एकही रजा त्याने खऱ्या कारणाने घेतलेली नाही. त्याची आजी चार वेळा वारली आहे.

"दाजी, तापाचा दाखला आणून देतो. तीन दिवसांचा. ओळखीचा डॉक्टर आहे."

"मला ताप नाही."

"कुणाला असतो? नाहीतर असं करा, ताई जाईल, तुम्ही मोबाईलवर बघा. सगळं दाखवतात हल्ली, सरळ तिथून."

तेच त्या सकाळी मुलगी फोनवर म्हणाली होती. "बाबा, राहू दे ना. एवढी धावपळ नका करू. मोबाईलवर स्पष्ट दिसतं." ती माझ्या काळजीने म्हणाली होती, म्हणूनच जास्त झोंबलं. ज्या पोरीला मी चौथीपासून कार्यशाळेतल्या रद्द कागदांच्या पाठीवर गणितं घालून दिली, आणि आठवीपासून तिने मला, ती मंचावर चढणार आणि मी बाकावर मीटर उघडून, चष्म्याला पाणी, हातात हाताएवढा पडदा. आणि ताप आला म्हणून खोटं सांगू? मला माझ्या पोरीकडे जायचंय, अंतर खरं आहे, नियम खरा आहे. मग मीच खोटा का व्हायचं?

मी दुसऱ्या दिवशी बाईंना तेच विचारलं, जरा वरच्या पट्टीत. बाईंनी शांतपणे खणातून एक जाड वही काढली. "तुम्ही एवढं म्हणताय म्हणून खात्याचा अधिकृत अंतर-तक्ता बघते. खरं तर आधी हाच बघायचा असतो."

"मग पाच आठवडे काय बघत होता?"

"तुम्ही तक्त्यासाठी अर्ज केला नव्हता."

तक्त्यात अंतर निघालं नऊशे एकोणऐंशी.  मग मी तारीख पाहिली. तक्ता माझ्या नोकरीपेक्षा जुना. मुलीला फोन लावला. तिने पाच मिनिटांत सांगितलं: तेव्हाचा विमानतळ शहराच्या आत होता. तो बंद होऊन चौदा वर्षं झाली. धावपट्टीवर आता भाजीबाजार भरतो. नवा विमानतळ शहराबाहेर, पार पलीकडच्या अंगाला.

"बाई, तुमच्या तक्त्याप्रमाणे गेलो तर मी कांद्याच्या ढिगावर उतरेन."

"बंद झाल्याचं पत्र आमच्याकडे आलेलं नाही."

मुलीने तेही केलं. अर्धा दिवस रांगेत उभं राहून विमानतळ कचेरीतून शिक्का-सहीचं पत्र मिळवलं: जुना विमानतळ कायमचा बंद, सर्व उड्डाणे नव्यावरून, अंतर एक हजार सहा. समारंभाला तीन दिवस उरले होते. मी ते पत्र बाईंच्या टेबलावर असं ठेवलं की चहाचा कप हलला.

बाईंनी पत्र वाचलं. आवक शिक्का मारला. पट्टी घेतली. आणि तक्त्यातली ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारून खोडली.

"झालं ना?" मी म्हटलं.

"झालं. आता तिथे विमानतळ नाही."

"नवा आहे. पत्रात लिहिलंय."

"नवा तक्त्यात नाही. तक्त्यात घालायचा तर अंतर-निश्चिती समितीची बैठक लागते. वर्षातून एकदा असते. गेल्या महिन्यात झाली."

"मग तोवर अंतर किती?"

बाईंनी खोडलेल्या ओळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तोवर अंतर नाही."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेबांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या तीन पदव्या काचेत आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही तळवे जुळवले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या भावना समजतात. पण गुरुवारची रजा मंजूर आहे ना? मग गुरुवारी जा."

"गुरुवारी गेलो तर समारंभ संपतो, साहेब."

"मोबाईलवर दाखवत नाहीत का?"

मी बुधवारी सकाळी, कुणाला न विचारता, बायकोला घेऊन विमानात बसलो. दहा दहाला सुटायचं ते दहा बाराला सुटलं आणि अकरा पन्नासला, पाच मिनिटं आधी, टेकलं. मी घड्याळ दाखवून बायकोला काही म्हणणार होतो. ती म्हणाली, "एक शब्द काढू नका."

समारंभाच्या सभागृहात बाराशे माणसं. सुरुवातीलाच सूचना झाली की टाळ्या सगळ्यांसाठी मिळून शेवटी एकदाच वाजवायच्या, मध्ये नाही, वेळ जातो. एकेक नाव येत होतं, एकेक मूल जाऊन कागद घेऊन दुसऱ्या बाजूने उतरत होतं. सगळं थंड, शिस्तीत, आमच्या आवक-जावक खिडकीसारखं. मग मुलीचं नाव आलं. पुढचं मला नीट आठवत नाही. बायको सांगते की मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवायला लागलो, एकटा, आणि माझे हात मुळात मोठे. पट्टा लावलेला एक स्वयंसेवक धावत आला, "काका, खाली बसा, शेवटी एकदम वाजवायच्या आहेत." मी म्हटलं, "त्या त्यांच्या. या माझ्या." मंचावर पोरीने कागद हातात घेतला, आवाजाकडे वळून बघितलं आणि तिला मी दिसलो. मोबाईलच्या पडद्यावर ती दिसली असती. मी तिला दिसलो नसतो.

सोमवारी माझ्या बाकावर मेमो. बुधवार व शुक्रवार विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल चोवीस तासांत खुलासा करावा. मला असा संताप आला की मी तिथेच, ग्रीसच्या हाताने खुलासा लिहिला: "खात्याच्या तक्त्याप्रमाणे सदर शहरी विमानतळ अस्तित्वात नाही. सबब मी तिथे विमानाने जाऊ शकत नाही. ज्या अर्थी गेलो नाही, त्या अर्थी इथेच होतो. सबब हजेरी लावावी." निलंबित करतील, अशी माझी अपेक्षा होती. तयारीही होती.

बाईंनी खुलासा दोनदा मनात वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने. मग साहेबांकडे नेला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुद्दा बरोबर आहे," साहेब म्हणाले. दुपारी आदेश आला: हजर धरण्यात यावे.

कार्यशाळेत जल्लोष झाला. लोकांनी माझी पाठ थोपटून लाल केली. मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, मी आजवर फक्त आजीला मारत आलो, तुम्ही अख्खा विमानतळ मारलात. पाय धरतो." मीही हसलो, नाही म्हणत नाही. संध्याकाळी बाईंनी सहीला बोलावलं. समोर हजेरीपट, कामाची वही आणि एक टाईप केलेला कागद.

"बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीनही दिवस हजर," बाई म्हणाल्या.

"गुरुवार का? त्याची रजा मंजूर होती."

"तिथे गेलाच नाहीत, तर समारंभाची रजा कशी देणार? ती रद्द. कामाच्या वहीत रोजची अकरा मीटरं लिहा. आणि या कागदावर सही करा."

कागदावर एकच ओळ होती: मी माझ्या मुलीच्या पदवीदान समारंभास उपस्थित नव्हतो.

मी पेन हातात घेतलं. टोपण काढलं. ती ओळ परत वाचली. एवढी साधी सही, आणि तीन दिवसांचा पगार, कोरं सेवापुस्तक, वर साहेबांची शाबासकी. मी टोपण परत लावलं.

"बाई, मी गेलो होतो."

"अहो मिस्त्री, ते सगळ्यांना माहीत आहे. हे फक्त कागदावर."

"कागदावरच लिहा. मी तिथे होतो म्हणून लिहा."

"मग दोन दिवस गैरहजर लागतील. पगार जाईल. सेवापुस्तकात शेरा पडेल, पुढच्या बढतीला आडवा येईल तो."

"लावा. खुलासा फाडा माझा. रागात लिहिला होता, खोटा आहे."

बाईंनी तो टाईप केलेला कागद बाजूला सारला. मग उठून त्यांनी माझं सेवापुस्तक काढलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यात वाईट लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं: बुधवार व शुक्रवार विनापरवानगी गैरहजर.

"कारण लिहा," मी म्हटलं.

"शेऱ्यात कारण लिहीत नाहीत."

"मग बारीक अक्षरात लिहा."

बाईंनी लिहिलं: मुलीच्या पदवीदान समारंभास उपस्थित. मग त्यांनी मुलीचं नाव विचारलं. मी सांगितलं. विषय विचारला. गणित. तेही लिहिलं. पेन तसंच धरून, मान वर न करता त्यांनी विचारलं, "पहिला वर्ग?"

"नाही. दुसरा. पहिला अडीच टक्क्यांनी गेला."

"लिहू?"

"लिहा."

ओळ संपली होती. बाईंनी सेवापुस्तक आडवं फिरवलं आणि ते समासात लिहिलं.